दुसरा धर्मपाल

मोनालीनं मोबाइलवर बापाच्या लायसनचा नंबर टाकला, जन्मतारीख टाकली आणि पडद्यावर गोल फिरणारं चक्र थांबल्यावर एकदम गप्प झाली.

धर्मपाल नगराळे ओसरीत बसून बुटांना पॉलिश करत होता. यवतमाळच्या एका नर्सिंग कॉलेजची बस तो चार वर्षांपासून चालवत होता, आणि पोरींनी भरलेली बस चालवणाऱ्या माणसाचे बूट चकचकीत असले पाहिजेत असं त्याचं ठाम मत होतं. लायसनची मुदत पुढच्या महिन्यात संपत होती. डॉक्टरचं सर्टिफिकेट कालच हातात पडलं होतं. नजर चांगली, बीपी चांगलं. आता फॉर्म भरला की पाच वर्षं घोर नाही.

"काहून गप झाली?" त्यानं विचारलं.

"बाबा, अठी निलंबित दाखवून राह्यलं."

"म्हंजे?"

"बंद. तुमचं लायसन बंद करून ठेवलं हाये. मागच्या वर्सीच."

धर्मपाल हसला. "मंग मी वर्सभर काय बंडी हाकलून राह्यलो?"

मोनाली हसली नाही. तिनं बोटानं पडदा वर सरकवला आणि हळू आवाजात वाचलं. कारण: वाहन अपघातात इसमाचा मृत्यू.

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो थांबला. कौसल्या पिठाच्या हातानंच दारात आली. "कोनाचा मृत्यू?" तिनं विचारलं. पण ते त्या पडद्यावर लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून धर्मपाल आरटीओ ऑफिसात गेला. बाहेर टपऱ्यांवर एजंट बसले होते, दोघा-तिघांनी हाका मारल्या, तो सरळ आत शिरला. कुठंतरी नंबराची चूक झाली असणार, याची त्याला खात्री होती. खिडकीमागे प्रेरणा नावाची क्लार्क होती. तीस-बत्तीस वर्षांची, बोलायला मऊ. तिनं नंबर पाहिला, कॉम्प्युटर पाहिला, मग उठून मागच्या कपाटातून एक फाइल काढून आणली.

"राजूरच्या पत्त्यावर दोन नोटिसा पाठवल्या होत्या. दोन्ही परत आल्या."

"राजूर सोडून चार वर्सं झाले मॅडम मले. पन मॅडम, माह्या हातून आजलोक कोंबडीबी मेली नाई."

प्रेरणानं फाइलमधलं एक पाकीट उघडलं आणि त्यातून एक कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. "पोलिसांनी ड्रायव्हरकडून जप्त केलेलं लायसन. हे तुमचं नाही का?"

धर्मपालनं खिशातून स्वतःचं लायसन काढून त्याच्या शेजारी ठेवलं. नाव तेच, बापाचं नाव तेच, नंबर तोच. फक्त पाकिटातल्या कार्डावरचा फोटो कोणीतरी नखानं किंवा खिळ्यानं असा घासला होता की कपाळ आणि कान तेवढे उरले होते.

त्यानं ते कार्ड उलटसुलट करून पाहिलं. हे कार्ड खोटं नव्हतं. हे खरं होतं. खिशातलं कार्ड डुप्लिकेट होतं.

राजूरला त्यानं नऊ वर्षं देवीलालशेठचा कोळशाचा टिप्पर चालवला होता. शेठची पद्धत अशी की ड्रायव्हरची ओरिजनल लायसनं त्याच्या टेबलाच्या खणात. रस्त्यावर झेरॉक्स दाखवायची. पळून जाऊ नये म्हणून. चार वर्षांपूर्वी धर्मपालनं काम सोडलं तेव्हा शेठ म्हणाला, तुझं कार्ड सापडत नाही, हरवलं असेल. धर्मपालनं पोलिसात हरवल्याची तक्रार दिली, डुप्लिकेट काढलं आणि विषय विसरून गेला.

फाइलमध्ये अपघाताची हकिगत चार ओळींत होती. दारव्हा रस्ता. भरधाव टिप्पर. रस्त्याच्या कडेला उभा असलेला इसम गोपाल आडे, वय बावन्न, गंभीर जखमी, दवाखान्यात नेताना मयत. चालक: धर्मपाल नगराळे, राहणार राजूर. वाहनाचा मालक: देवीलाल.

"निलंबन सहा महिन्यांचं होतं, ते संपलं," प्रेरणा म्हणाली. "पण कोर्टात केस सुरू आहे, त्यामुळे मला परस्पर चालू करता येत नाही. गाडी तुम्ही चालवत नव्हता असं पोलिसांनी किंवा कोर्टानं लेखी दिलं, तर साहेब लगेच आदेश काढतील. आणि काका, एक सांगू? तोवर बस चालवू नका. काही झालं तर…" तिनं वाक्य सोडून दिलं.

कॉलेजच्या मॅनेजरनं चावी मागून घेतली. रागावला नाही, उलट पाणी विचारलं. पण चावी टेबलाच्या पलीकडे सरकवताना त्यानं ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर धर्मपालला घरापर्यंत पुरली.

दारव्ह्याच्या कोर्टात रामराव वकील होते. त्यांनी केसचे कागद काढले आणि चष्मा कपाळावर चढवला. "नगराळे, तुम्ही अटक झाले होते, जामिनावर सुटले, आणि नंतर एकाही तारखेला आले नाहीत. तुमच्या नावानं वॉरंट आहे. आज अठी बाहेर एखाद्या शिपायानं नाव विचारलं असतं, तर तुम्ही आत असता."

"मी कायचा अटक होईन साहेब?"

"होय ना. पन कागद तसं म्हनते. हे पाहा, जामिनाचा कागद. सही करता ना तुम्ही?"

"दहावी पास हाओ मी."

कागदावर 'धर्मपाल नगराळे' या नावापुढे निळा अंगठा होता. मोठा, रुंद, मध्ये आडवी चीर गेलेला. धर्मपाल त्या अंगठ्याकडे पाहत राहिला. कोणीतरी जिवंत माणूस, त्याचं नाव सांगून, पोलिसांपुढे हात पुढे करून उभा राहिला होता.

वकिलांनी वॉरंट रद्द करायचा अर्ज दिला, त्याला कोर्टापुढे उभं केलं, नवा जामीन झाला. अंगठा तपासणीला पाठवा असाही अर्ज दिला, पण ते म्हणाले, त्याला वर्ष लागेल की दीड, काही सांगता येत नाही. "चालक पाहिलेला मानूस पाह्यजे. मयताची बायको तठीच उभी होती. पन ती काहून तुमच्या बाजूनं बोलन?"

त्याच आठवड्यात फोन सुरू झाले. कौसल्याच्या फोनवर यायचे, दुपारी, ती एकटी असताना. ती हॅलो म्हणायची. पलीकडे गाडीचं इंजिन घरघरत असायचं आणि कोणी बोलायचं नाही. तिसऱ्या दिवशी धर्मपाल घरी होता. त्यानं फोन हिसकून कानाला लावला.

"कोन हाये बे?"

इंजिन बंद झालं. मग एक घोगरा आवाज, अर्धा हिंदी, अर्धा वऱ्हाडी. "तू कोन?"

"धर्मपाल. तू कोन?"

पलीकडे गाडीचं दार आपटलं. मग तो आवाज म्हणाला, "मीबी." आणि फोन कटला.

कौसल्यानं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता दाराला कडी घातली, भर दुपारी.

दोन दिवसांनी देवीलालशेठ स्वतः आला. पांढरी गाडी गल्लीच्या तोंडाशी लावून चालत आला, बुद्धविहारासमोर चपला काढून हात जोडले, घरात येऊन खुर्चीवर बसला आणि कौसल्यानं दिलेलं पाणी सगळं प्यायला. चार वर्षांनी भेटलेल्या घरच्या माणसासारखं त्यानं मोनालीचं शिक्षण विचारलं.

"धर्मपाल, तू कोर्टात गेलता म्हने."

"शेठ, माह्या नावानं कोन चालवून राह्यला तुमची गाडी?"

"ते सोड. ऐक. तुहं निलंबन संपलं. तू फक्त म्हन, चूक झाली, गाडी मीच चालवत होतो. दंड होईन, तो मी पाहीन. लायसन आठ दिवसात चालू. त्या बाईले विम्याचं भेटन, तिच्यासाठीबी बरं. कायले पाहिजे कोर्टकचेरी?"

"अन् मानूस मारल्याचा डाग?"

"कागदावरचा डाग तो. कोन वाचते?" शेठ उठला. दारात थांबून त्यानं गल्लीबाहेरच्या रस्त्याकडे बोट केलं. आवाज तसाच प्रेमळ होता. "वनीपासून दारव्ह्यापर्यंत माह्या सोळा गाड्या फिरतात, धर्मपाल. तूबी रस्त्यावर, पोरगीबी रस्त्यावर, वहिनीबी. रस्ता कोनाच्या बापाचा नसते. जपून राहा, येवढंच सांगाले आलतो."

तो गेल्यावर कौसल्या बराच वेळ ग्लास विसळत राहिली. एकच ग्लास. शेवटी म्हणाली, "तुमी त्या बाईकडे जा. ती काय म्हनन ते म्हनन. पन तिले तोंड दाखवा."

दारव्ह्याहून शेअर जीपनं फाट्यापर्यंत आणि पुढे पायी असा तो तांड्यावर पोहोचला. कापसाची पऱ्हाटी काढून झाली होती, वावरं उघडी पडली होती, आणि लांबून येणारा माणूस अर्ध्या कोसावरून दिसत होता. त्यामुळे तो पोहोचेपर्यंत सुखीबाई अंगणात येऊन उभी होती. पन्नाशीची, काटक, हातभर पांढऱ्या बांगड्या असायच्या त्या जागी आता नुसते वण. सोबत कोणी नव्हतं. पोरं नाहीत, हे त्याला नंतर कळलं.

"माय, मी धर्मपाल नगराळे," तो म्हणाला, आणि हे तीन शब्द उच्चारताना आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज कापला.

सुखीबाईनं त्याच्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत नाही. फक्त तोंडाकडे, एकटक. चौदा महिने ती या नावाच्या माणसाला शिव्याशाप देत होती. तांड्यावरच्या बायका सांगत, तिनं सेवालाल महाराजापुढे नारळ ठेवून या नावाचं वाटोळं मागितलं होतं.

"तू नाई," ती म्हणाली.

धर्मपाल ओट्याच्या कडेला टेकला.

"बेस भिया, बेस," ती तांड्याच्या बोलीत त्याला भाऊ म्हणत म्हणाली आणि आत जाऊन तांब्या घेऊन आली. मग त्याच्यापासून अंतर ठेवून बसली आणि सांगू लागली. बाजाराचा दिवस होता. ती आणि गोपाल जीपची वाट पाहत कडेला उभे होते. टिप्पर सरळ रस्त्यावर येत होता, आणि मग सरळ रस्ता सोडून त्यांच्यावर आला. हॉर्न नाही, ब्रेक नाही. "झोपेत होता तो. डोळे मिटले होते त्याचे, म्या पाह्यलं. मंग उतरला. उंच होता, दाढी होती, या भिवईवर टाके. पळाला नाई. गमछा काढला, गोपालच्या मुंडक्याखाली ठेवला. बाटलीचं पानी तोंडात घातलं. रडून राह्यला होता, येड्यावानी. मानसं जमले तवा कोनी तरी त्याले मोटरसायकलवर बसवून नेलं."

"हे पोलिसाले सांगितलं नाई?"

"इचारलं कोनी? दुसऱ्या दिवशी म्हनले, डायवर भेटला, धर्मपाल नाव हाये. मले काय माहीत कोनता धर्मपाल?"

"मंग माय, येवढं कोर्टात सांग. हा तो नव्हे, येवढंच."

सुखीबाईनं मान वळवली. अंगणात एक शेळी खुंट्याभोवती फिरत होती. मग ती म्हणाली, "शेठचा मानूस येऊन गेला परवा. म्हने, लायसनवाला डायवर होता म्हनून विमा कंपनी पैसे देईन. डायवरजवळ लायसनच नव्हतं असं निंगालं, त कंपनी हात वर करन. मंग बस म्हने शेठच्या मांगं फिरत, मरेपर्यंत." तिनं पदरानं तोंड पुसलं. "गोपाल गेल्यापासून मी दुसऱ्याच्या वावरात जाते, भिया. गुडघे गेले. मी खोटं नाई बोलनार, तू नाई म्हंजे नाई. पन कोर्टात येतो का म्हनून मले आज इचारू नोको."

तिच्यावर रागवावं असं त्याला वाटेना. तिचं पोट त्याच्या नावावर टांगलेलं होतं आणि त्याचं नाव तिच्या जिभेवर. तो उठला, हात जोडले आणि निघाला.

फाट्यावर चहाची टपरी होती. येताना तिथं कोणी नव्हतं. आता रस्त्याच्या पलीकडे एक रिकामा टिप्पर उभा होता, नंबरावर कोळशाची भुकटी बसलेला. टपरीच्या बाकावर एक उंच माणूस बसला होता. दाढी. भुवईवर टाक्यांची पांढरी रेघ.

धर्मपाल टपरीच्या अलीकडेच थांबला. चहावाला पलीकडच्या विहिरीवर गेला होता. उन्हात रस्ता दोन्ही बाजूंनी रिकामा पडला होता.

"बैठ," तो माणूस म्हणाला. "मी काही करत नाई. शेठनं सांगितलं होतं तुले भेवाड म्हनून. पन मले फक्त पाहाचं होतं."

"काय पाहाचं होतं?"

"तू कसा दिसते." त्यानं धर्मपालकडे निरखून पाहिलं, एखादा माणूस आरशात पाहतो तसं. "सारखे नाई आपन. जराबी नाई. तरी कोनी नाई वळखलं."

त्याचं नाव लखीराम. बालाघाटकडचा. धर्मपाल बाकाच्या टोकाला बसला आणि लखीराम खाली मान घालून बोलत राहिला. तो शाळेत गेला नव्हता, आणि तेव्हा आठवी पास असल्याशिवाय मोठ्या गाडीचं लायसन मिळत नव्हतं. क्लीनरचा ड्रायव्हर झाला तो तसाच. मग एके दिवशी शेठनं खणातून कार्ड काढून दिलं: आजपासून तू धर्मपाल. "पुढं नियम बदलला म्हने, शाळा लागत नाई. म्या शेठले म्हनलं, माह्या नावाचं काढून द्या. त शेठ म्हने, नाव चांगलं हाये ना, कायले बदलते?"

"अन् त्या दिवशी?"

"छत्तीस घंटे झाले होते. तिसरी खेप." त्यानं दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबले. "ठान्यात साहेबानं इचारलं, बापाचं नाव काय? मले तुह्या बापाचं नाव येत नव्हतं. शेठच्या मानसानं कार्ड वाचून सांगितलं. नामदेव. तवापासून पाठ हाये मले. झोपेतबी येते. ढाब्यावर, वजनकाट्यावर, गॅरेजवर, सगळेच मले धर्मपाल म्हनतात. माह्या मायशिवाय लखी म्हननारं कोनी राह्यलं नाई."

धर्मपालला त्याची कीव येत होती आणि त्याच वेळी उठून पळावंसं वाटत होतं. बापाचं नाव या माणसाच्या तोंडून ऐकणं त्याला सहन झालं नाही.

"चाल माह्यासंग," तो म्हणाला. "वकील अठीच दारव्ह्याले हाये. जे झालं ते सांग. छत्तीस घंटे चालवाले लावलं, तेबी सांग."

लखीराम त्या रिकाम्या टिप्परकडे पाहत राहिला. "येतो. दोन खेपा बाकी हायेत, त्या टाकून येतो."

"खेपा मरू दे ना बे! आज चाल."

"गाडी रस्त्यात सोडून गेलो त शेठ चोरीची केस टाकन. कोनत्या नावावर टाकन, सांग?" तो उठला. टिप्परमध्ये चढताना त्यानं दांडी पकडली तेव्हा त्याचा अंगठा दिसला, रुंद, मधोमध चीर गेलेला. वर बसल्यावर त्यानं खिडकीतून खाली पाहिलं. डोळे लालभडक होते. "किती दिवस झोपला नाई तू?" धर्मपालनं विचारलं. पण इंजिन सुरू झालं होतं.

घरी येऊन त्यानं रामराव वकिलांना फोनवर सगळं सांगितलं. वकील म्हणाले, तो येतो म्हणाला ना, येऊ द्या. नाही आला तर नावानिशी अर्ज देऊ. एक दिवस गेला. दोन गेले. त्या दोन दिवसांत धर्मपाल रस्त्यावर टिप्परचा आवाज आला की दाराशी जाऊन उभा राहायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी नवराबायको जेवायला बसले होते. कौसल्याचा फोन वाजला. तिनं डाव्या हातानं उचलला, कानाला लावला, आणि ऐकता ऐकता तिची नजर नवऱ्यावर येऊन थांबली. घास धरलेला हात तसाच राहिला.

"हो," ती म्हणाली. "मी त्यायची बायको." मग बराच वेळ ऐकत राहिली. "हो. ऐकू येऊन राह्यलं."

फोन खाली ठेवून ती म्हणाली, "पोलीस होते. म्हने, तुमच्या मिस्टरांची गाडी पहाटे पुलाखाली गेली. म्हने, धर्मपाल नगराळे जागीच गेले. बॉडी न्याले या म्हने." आणि तिनं पुढे वाकून नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं, भाजी लागलेल्या हातानं, आणि ते तिनं कितीतरी वेळ सोडलं नाही.

देवीलालशेठच्या ऑफिसातल्या रजिस्टरात धर्मपालच्या घरचा नंबर म्हणून तो कामाला होता तेव्हापासून कौसल्याचा नंबर लिहिलेला होता. मेलेल्या माणसाच्या खिशात धर्मपालनं कधीकाळी शेठकडे दिलेली आधारची झेरॉक्स आणि खेपेची पावती होती, दोन्हींवर धर्मपालचंच नाव.

ते पोलिसांनी सांगितलेल्या वणीकडच्या दवाखान्यात पोहोचले तेव्हा दुपार झाली होती. निघताना धर्मपालनं तांड्यावर फोन लावून सुखीबाईला निरोप दिला होता: तुला दाखवायचं आहे असं काही आहे, यायचं की नाही तू ठरव. ती येईल असं त्याला वाटलं नव्हतं.

शवागाराच्या दारात हवालदार वही घेऊन उभा होता. "मयत धर्मपाल नामदेव नगराळे. आपण कोण?"

"धर्मपाल नामदेव नगराळे."

हवालदारानं वर पाहिलं. त्याला वाटलं, माणूस धक्क्यानं बरळतो आहे. धर्मपालनं लायसन काढून दिलं, आधार दिलं, कोर्टाच्या अर्जाची नक्कल दिली. हवालदारानं ती दोनदा वाचली आणि साहेबांना बोलावून आणलं.

चादर बाजूला केली. दाढीला वाळू लागली होती. भुवईवरची रेघ तशीच होती. डोळे मिटलेले होते, आणि धर्मपालच्या मनात विनाकारण आलं, की झोपला बिचारा एकदाचा.

"याचं नाव लखीराम," तो म्हणाला.

"आडनाव?"

धर्मपालला आडनाव माहीत नव्हतं. बाहेर देवीलालशेठचा एक माणूस उभा होता, त्याला विचारलं तर तो म्हणाला आम्ही धर्मपालच म्हणत होतो. साहेबांनी वहीतलं नाव खोडलं, वर लखीराम लिहिलं आणि पुढची जागा कोरी ठेवली.

चारच्या सुमारास सुखीबाई आली. तांड्यावरचा एक म्हातारा तिला घेऊन आला होता. तिनं कोणाकडे पाहिलं नाही. सरळ आत गेली आणि त्या चेहऱ्यावर वाकली. धर्मपालला वाटलं, आता ती शिव्या देईल, थुंकेल. तिला हक्क होता.

"ह्योच," ती म्हणाली. "यानंच गोपालच्या मुंडक्याखाली गमछा ठेवला. लिवून घ्या साहेब." मग थोडं थांबून, कोणी विचारलं नसताना म्हणाली, "शेठचा मानूस म्हनला तसं होईन आता. होऊ द्या. पन मेल्या मानसाच्या अंगावर मी दुसऱ्याचं नाव नाई राहू देनार."

तिचा जबाब झाला. मृताच्या अंगठ्याचा ठसा घेतला गेला, जामिनाच्या कागदावरच्या अंगठ्याशी लावला गेला, आणि ज्याला दीड वर्ष लागणार होतं ते तीन आठवड्यांत झालं. देवीलालशेठला अटक झाली आणि पाचव्या दिवशी तो बाहेर आला. धर्मपालच्या गल्लीत तो पुन्हा कधी आला नाही. गाड्या मात्र फिरत राहिल्या. त्यातल्या निम्म्या आता त्याच्या पुतण्याच्या नावावर होत्या.

निलंबन मागे घेतल्याचा आदेश निघाला त्या दिवशी प्रेरणानं स्वतः फोन केला. नूतनीकरणही त्याच दिवशी झालं. घासलेला फोटो असलेलं ते जुनं कार्ड तिनं त्याच्यासमोर कात्रीनं कापलं. कॉलेजनं तोवर दुसरा ड्रायव्हर ठेवला होता. धर्मपाल आता लोहाऱ्याकडच्या एका कारखान्याची कामगारांची बस चालवतो. सुखीबाईचा दावा अजून चालू आहे. कंपनी म्हणते चालकाजवळ लायसन नव्हतं, शेठ म्हणतो मला माहीत नव्हतं, आणि तारखांमागून तारखा पडतात. तारखेला धर्मपाल सुट्टी टाकून तिला फाट्यावरून घेऊन येतो. वाटेत दोघं फारसं बोलत नाहीत.

लखीरामचा मृतदेह मात्र त्या वेळी तीन दिवस तसाच पडून होता. त्याचं गाव कोणाला ठाऊक नव्हतं. शेवटी धर्मपाल राजूरला गेला, खाणीच्या फाटकाबाहेरच्या हॉटेलात, जिथं ड्रायव्हर थांबतात. हॉटेलचा नवा मालक त्याला ओळखत नव्हता.

"धर्मपालचं विचारता का? गेला ना तो," हॉटेलवाला म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "लय भला मानूस होता. तुमी कोन त्याचे?"

धर्मपालनं त्याच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं. "वळखीचा," तो म्हणाला.

हॉटेलवाल्यानं भिंतीवर खडूनं लिहिलेला एक नंबर दाखवला. त्याच्या ओळखीच्या 'धर्मपाल'ला लिहिता येत नसे, म्हणून त्याच्या आईचा नंबर इथं लिहून ठेवला होता. दर रविवारी तो आईला इथूनच फोन लावून घ्यायचा.

धर्मपाल हॉटेलबाहेर येऊन कोळशाच्या ढिगाऱ्याच्या सावलीत उभा राहिला आणि त्यानं तो नंबर लावला. खूप वेळ रिंग वाजली. मग एका म्हातारीचा आवाज आला, लांबून, आनंदानं भरलेला.

"लखी? आज इतवार थोड़ी है, बेटा?"

धर्मपालनं फोन कानाशी आणखी घट्ट धरला. समोरून टिप्परची रांग चालली होती, एकामागून एक, आणि काचांच्या आत बसलेली माणसं धुळीमुळे दिसत नव्हती. ती रांग जाईपर्यंत तो थांबला.

"नाई माय," तो म्हणाला. "लखीचं तुले सांगाचं हाये. तुह्याजवळ बसाले कोनी हाये का? आधी त्याले बोलव."